प्रिन्स ऑफ पर्शिया दरवेळी त्याच फाईटला हँग होते? आधी घड्याळ लावून पाहा

आधी प्रॉब्लेम नेमका सांगतो. गेम म्हणजे प्रिन्स ऑफ पर्शिया, सँड्स ऑफ टाइम, २००३ ची, युबिसॉफ्ट मॉन्ट्रियलनं बनवलेली, पीसीवर. गेम चालू होते, चांगली चालते, भिंतीवरून पळणं, खांबाला लटकणं, खंजीर वापरून वेळ मागं नेणं सगळं बरोबर, अन् मग एका ठरावीक जागी आली की स्क्रीन थिजते, आवाज घर्रर्र करत एकाच सुरावर अडकतो, कधी सरळ डेस्कटॉपवर फेकून देते अन् कधी तर अख्खा पीसीच बंद होऊन परत चालू होतो. परत सेव्ह लोड केली, परत तिथंच. बहुतेक पोट्टे शेवटाकडच्या लिफ्टमधल्या फाईटचं नाव घेतात, म्हणतात त्या लिफ्टमध्येच काहीतरी बग आहे. मग कोणी म्हणतो सीडी खराब, कोणी म्हणतो सेव्ह करप्ट झाली, पीसी तालुक्याला नेला की तिथं विंडोज नव्यानं टाकून देतात, त्यात होती ती सेव्हही जाते, अन् घरी आणून पहिल्यापासून खेळत तिथवर पोचलं की परत तेच.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-दिग्रस पट्ट्यातल्या गावांत हा प्रॉब्लेम वर्षात दोनदा जोर धरतो, एक उन्हाळ्यात अन् एक घरात कापूस येऊन पडतो तेव्हा. माझ्याकडं नात्यातल्या अन् गावातल्या पोरांचे पीसी येत राहतात, सगळे जुने, कोणाचा कोअर टू ड्युओ, कोणाचा पहिल्या पिढीचा आय थ्री, अन् त्यावरून सांगतो की गेम एकाच जागी बंद पडते असं आपल्याला वाटतं पण नीट पाहिलं तर ती एवढ्या-एवढ्या मिनिटांनी बंद पडत असते. जागा फक्त योगायोगानं तीच येते.

काहून ते पाहा. या गेममध्ये पाहिजे तिथं सेव्ह करता येत नाही. एखादी मोठी फाईट संपली की वाळूच्या उजेडाचा खांब उभा राहतो, त्यात शिरलं की पुढं काय होणार त्याची झलक दिसते अन् तिथंच सेव्ह होतं. मेल्यावर रिट्राय केलं तर जवळच्या चेकपॉइंटपासून सुरू होतं हे खरं, पण गेमच बंद पडली तर तो चेकपॉइंटही गेला, परत खांबापासून. म्हणजे दरवेळी सुरुवात तीच, रस्ता तोच, उड्या त्याच, अन् आता तो रस्ता तुम्हाला पाठ झालेला असल्यामुळं त्या फाईटपर्यंत लागणारा वेळही जवळपास सारखाच. इकडं मशीन तापून हात वर करायलाही साधारण सारखाच वेळ लागतो. ते दोन वेळ जुळले की माणसाला वाटतं लिफ्टमध्ये बग आहे.

हे तपासायला काही विकत घ्यावं लागत नाही. पीसी तासभर बंद ठेवा, चालू करा, सेव्ह लोड करा अन् मोबाइलवर टाइमर लावून प्रिन्सला तसाच उभा राहू द्या, जिथं शत्रू येत नाही अशा कोपऱ्यात. पॉज करू नका, नुसतं उभं राहा. जेवढ्या मिनिटांनी फाईटमध्ये हँग व्हायची तेवढ्याच मिनिटांच्या आसपास इथंही हँग झाली तर फाईटचा काही दोष नाही, मशीन तापतंय नाही तर लाइनचा, म्हणजे विजेचा, घोळ आहे. अन् उलट, अर्धा-पाऊण तास उभं राहूनही काही झालं नाही, पण फाईट सुरू होताक्षणी, अगदी दार उघडतानाच किंवा मधला सीन चालू होतानाच दरवेळी पडली, तर तो गेमच्या फाइलचा किंवा सेटिंगचा प्रॉब्लेम. हे दोन वेगळे केल्याशिवाय पुढं काहीच करू नका, विंडोज तर अजिबात टाकू नका. अन् जे काय बदलायचं ते एका वेळी एकच बदला, चार गोष्टी एकदम केल्या अन् सुधारलं तर कशानं सुधारलं ते कधीच कळत नाही, पुढच्या उन्हाळ्यात परत पहिल्यापासून शोधत बसावं लागतं.

आता बरेच जण म्हणतात की एवढी जुनी गेम, २५६ एमबी रॅमवर चालायची, तिनं काय मशीन तापणार. इथंच गल्लत होते. जुनी गेम म्हणजे मशीनला आराम असं नसतं. फ्रेमरेटला, म्हणजे सेकंदाला किती चित्रं काढायची त्याला, बंधन नसलं तर ग्राफिक्स कार्ड जेवढं पळता येईल तेवढं पळतं, स्क्रीन सेकंदाला ६० च वेळा बदलत असली तरी कार्ड आत दोनशे-तीनशे फ्रेम काढत बसतं, त्यातल्या निम्म्याच्या वर कोणाला दिसतसुद्धा नाहीत. अन् त्या काळच्या गेम्स प्रोसेसरच्या एकाच कोअरवर (भागावर) सगळा भार टाकतात, तो एक कोअर पूर्ण शंभर टक्के अन् बाकीचे रिकामे. म्हणून पहिलं काम, व्ही-सिंक चालू करा, म्हणजे स्क्रीन बदलते तेवढ्याच फ्रेम कार्ड काढतं. गेमच्या ऑप्शनमध्ये असला तर तिथून, नाही तर ग्राफिक्स ड्रायव्हरच्या कंट्रोल पॅनलमधून त्या गेमपुरता कायम ऑन करा. एवढ्यानंच फॅनचा आवाज खाली येतो, कानाला कळतं. मला विचाराल तर जुन्या कुठल्याही गेमला हात लावायच्या आधी हे करावं.

एचडब्ल्यू मॉनिटर नावाचं एक फुकटचं छोटं सॉफ्टवेअर आहे, ते मागं चालू ठेवा अन् गेम पंधरा-वीस मिनिटं खेळून बाहेर या, त्यात सगळ्यात वरचं तापमान नोंदलेलं दिसतं. सीपीयू, म्हणजे आतला प्रोसेसर, सत्तर डिग्रीच्या आत असेल तर ठीक, ऐंशी-पंच्याऐंशीच्या वर चाललं असेल तर साफसफाईशिवाय इलाज नाही. सीपीयू फार तापला की आधी स्वतःच स्पीड कमी करतो, म्हणजे गेम पहिले अटकत-अटकत चालायला लागते, प्रिन्सची उडी अर्धवट पडते, अन् त्यावरही ताप वाढला तर स्वतःला वाचवायला मशीन बंद होतं. हँग व्हायच्या दोन मिनिटं आधी गेम जड झाली होती का ते आठवा, झाली असेल तर गरमीच समजा.

अन् आपल्याकडची गरमी काय साधी आहे का. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडं तर त्याच्याही पुढं, अन् टिनाच्या खोलीत दुपारी आत बसवत नाही. हिटसिंक (प्रोसेसरवर बसवलेला, उष्णता ओढणारा पात्यांचा ठोकळा) कितीही चांगला असला तरी तो खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, त्याचं काम फक्त आतली उष्णता त्या हवेत सोडणं. म्हणजे जानेवारीत पहाटे १२ डिग्री असताना जे मशीन ५५ वर चालायचं तेच नवतपात (मे संपतानाच्या नऊ तापत्या दिवसांत) दुपारी सहज ८५ ला टेकतं, त्यात कोणी काही बिघडवलेलं नसतं. म्हणून हिवाळ्यात चालायची आता काहून चालत नाही याचं उत्तर बऱ्याच वेळा एवढंच असतं.

पण हिवाळ्यातही बंद पडत असेल तर मात्र कॅबिनेट उघडा, अन् घरात कापूस ठेवलेला असेल तर नक्की उघडा. भाव वाढायची वाट पाहत आपण कापूस महिनोन्महिने घरात ठेवतो, पुढच्या खोलीत छतापर्यंत ढीग, पोरं त्यावर उड्या मारतात, अन् पीसीही बहुतेक त्याच खोलीत किंवा शेजारच्या. कापसाचा बारीक तंतू हवेत फिरत राहतो, डोळ्याला दिसत नाही पण फॅन त्याला बरोबर ओढून घेतो. साइडचं पॅनल काढल्यावर वरून फॅन अन् थोडी धूळ एवढंच दिसतं, माणूस म्हणतो ठीक आहे अन् पॅनल लावून टाकतो. खरा माल फॅनच्या खाली असतो. फॅन सोडवून उचलला की खाली हिटसिंकच्या पात्यांवर राखाडी रंगाचा एक गोल थर बसलेला दिसतो, जुन्या गादीतल्या कापसासारखा दाबलेला, बोटाच्या नखानं कडेनं उचलला तर अख्खा एका तुकड्यात निघून येतो. त्यात तंतू असतात, चुलीचा धूर बसलेला असतो, कधी मेलेले चिलटं असतात. फॅन वरून कितीही जोरात फिरला तरी त्या थरातून हवा खाली जातच नाही. हा थर काढल्यावर त्याच मशीनचं तापमान वीस-वीस डिग्रीनं खाली आलेलं मी पाहिलंय, अन् जी गेम लिफ्टपर्यंत जायची नाही ती रात्रभर चालली.

साफ करायची पद्धत सांगतो, घाई करू नका. मागची वायर काढा, नुसतं बटण बंद करून चालत नाही. वायर काढल्यावर चालू करायचं बटण चार-पाच सेकंद दाबून ठेवा म्हणजे आत राहिलेला करंट निघून जातो, अन् आत हात घालायच्या आधी खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावून घ्या. फॅन चार स्क्रूनं किंवा क्लिपनं बसलेला असेल तर नुसता फॅनच वेगळा निघतो, हिटसिंक जागेवरच राहू द्या. इंटेलच्या गोल फॅनला मात्र चार कोपऱ्यांत प्लास्टिकच्या खुंट्या असतात, त्या वर बाण दाखवलाय तिकडं पाव वळसा फिरवून मग वर ओढायच्या, जोर लावून खेचल्या तर तुटतात अन् त्या सुट्या मिळायला तालुक्याच्या गावाला जावं लागतं. या प्रकारात हिटसिंकही सोबतच निघतो, म्हणजे सीपीयूवरची पेस्ट नवीन लावावी लागते, ती ट्यूब आधी आणून ठेवा, शे-दीडशे रुपयांत येते. जुनी वाळलेली पेस्ट स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून काढा, नवीन वाटाण्याएवढी मधोमध टाका अन् वरून हिटसिंक सरळ दाबून बसवा, बोटानं पसरवत बसू नका. रंगाचा कोरडा एक इंची ब्रश साफसफाईला सगळ्यात भारी. पंक्चरवाल्याच्या दुकानातली हवा मारायची बरेच जण सांगतात, नका करू, त्या टाकीत पाणी जमलेलं असतं अन् प्रेशरही फार. ब्लोअर वापरत असाल तर फॅनचं पातं बोटानं धरून ठेवा, हवेनं गरागरा फिरू देऊ नका, बेअरिंग जातं. ग्राफिक्स कार्डचा छोटा फॅनही असाच साफ करा. एसएमपीएसच्या (पीसीला वीज देणाऱ्या डब्याच्या) जाळीवरून ब्रश फिरवा पण तो डबा उघडू नका, वायर काढली तरी आतले कपॅसिटर झटका देतात. अन् उघडलंच आहे तर मदरबोर्डवरचे छोटे उभे कपॅसिटर पाहून घ्या, कोणाचं डोकं फुगलं असेल किंवा तपकिरी काही बाहेर आलं असेल तर साफसफाईनं काम होणार नाही, बोर्ड दुरुस्तीलाच न्यावा लागेल.

कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका, स्टुलावर ठेवा, मागची बाजू भिंतीपासून वीतभर दूर. वरून कपडा झाकून गेम खेळू नका, हे सांगावं लागतं कारण धूळ जाऊ नये म्हणून आई-बहिणी प्रेमानं विणलेलं कव्हर घालतात अन् पोरं ते न काढताच चालू करतात. कूलरची हवा थेट कॅबिनेटवर सोडणं मला पटत नाही, हवा थंड असते पण ओली असते. खोलीत कूलर असू द्या, कॅबिनेट त्याच्या तोंडासमोर नको.

आता लाइनचं. गरमी नाही, साफ केलं, तापमान साठच्या आसपास, तरी पीसी धाडकन बंद होऊन परत चालू होतो अन् तेही बहुतेक ठरावीक वेळेलाच, तर घड्याळासोबत लाइनचं टाइमटेबल जुळवून पाहा. आमच्याकडं वावरातली थ्री फेज आली की सगळ्यांच्या मोटारी एकदम चालू होतात अन् घरातला बल्ब पिवळा पडतो, २३० च्या जागी १७०-१८० राहतं. कूलरची मोटर चालू होतानाही एक झटका बसतो. जुना थकलेला एसएमपीएस तो झटका सहन करत नाही, त्यातून गेम चालू असताना कार्ड जास्त करंट ओढत असतं, म्हणून साधं टायपिंग करताना पीसी टिकतो अन् गेम लावली की जातो. खात्री करायला विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टम. बंद पडलेल्या वेळेपाशी कर्नल-पॉवर ४१ अशी नोंद असेल, अन् तुम्ही बटण दाबून बंद केलेलं नसेल, निळी स्क्रीनही आलेली नसेल, तर विंडोजला कळायच्या आधीच मशीन बंद पडलंय, म्हणजे लाइन, एसएमपीएस नाही तर टोकाची गरमी. अन् त्याच्या शेजारच्या अ‍ॅप्लिकेशन या भागात एरर १००० अन् गेमच्या फाइलचं नाव असेल तर मशीन ठीक आहे, गेमच पडली. ही एक नोंद पाहिली की अर्धं भांडण मिटतं.

यूपीएस असेल तर त्याची बॅटरी तपासा. साध्या ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी असते अन् आपल्या उन्हाळ्यात ती दोन वर्षं टिकली तरी पुष्कळ. गेम बंद असताना, महत्त्वाचं काही उघडं नसताना, भिंतीवरचं बटण बंद करून पाहा, पीसी पाच-सात मिनिटं तरी चालला पाहिजे. लगेच गेला तर यूपीएस नुसता शोभेचा, बॅटरी बदला. कूलर, टीव्ही, मोबाइलचे चार चार्जर त्याच यूपीएसवर लावू नका, मॉनिटर अन् कॅबिनेट एवढंच.

सेव्हचं दुःख तर मला सगळ्यात जास्त वाटतं. वाळूच्या खांबात उभं राहून सेव्ह होत असताना त्या सेकंदाला लाइन गेली तर फाइल अर्धवट लिहिली जाते अन् मग ती लोड होत नाही किंवा लोड होताना गेम पडते. पोरगं पंधरा दिवस खेळून आलेलं असतं, त्याचं तोंड पाहवत नाही. म्हणून सेव्ह फोल्डरची कॉपी काढायची सवय लावा. फोल्डर कुठंय ते शोधायची सोपी युक्ती अशी, गेममध्ये एकदा सेव्ह करा, बाहेर या, अन् गेम जिथं टाकलीय त्या फोल्डरमध्ये तारखेप्रमाणं फाइल लावून पाहा, आत्ताची वेळ जिच्यावर दिसते ती तुमची. तिथं काहीच नवीन दिसलं नाही अन् गेम सी ड्राइव्हच्या प्रोग्रॅम फाइल्समध्ये असली तर विंडोजनं ती फाइल दुसरीकडं ठेवलेली असू शकते. व्हिस्टापासून विंडोज जुन्या प्रोग्रॅमना तिथं लिहू देत नाही, गुपचूप युजरच्या अ‍ॅपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर या फोल्डरमध्ये लिहितं, अन् अ‍ॅपडेटा लपवलेलं असतं, हिडन फाइल्स दाखवायचं चालू केल्याशिवाय दिसत नाही. सेव्ह अचानक गायब झाली, काल होती आज नाही, असं ज्यांचं होतं त्यांनी आधी इथं पाहावं. एखाद्या दिवशी गेम रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करून चालू केली अन् दुसऱ्या दिवशी साधी, तर दोन्ही वेळी ती वेगवेगळ्या फोल्डरमध्ये पाहते, सेव्ह गेलेली नसते. ही कटकटच नको असेल तर गेम डी ड्राइव्हवर साध्या फोल्डरमध्ये टाका. अन् खेळून उठताना सेव्हचं फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी, त्याला तारखेचं नाव, जुन्यावर ओव्हरराइट करू नका.

आता ज्यांची टेस्ट उलटी निघाली त्यांच्यासाठी, म्हणजे मशीन थंड, लाइन ठीक, पण गेम ठरावीक क्षणालाच पडते. ही गेम २००३ ची अन् घरगुती पीसीत दोन कोअरवाले प्रोसेसर आले २००५ मध्ये, त्यामुळं त्या काळच्या बऱ्याच गेम्सना एकापेक्षा जास्त कोअर असतात हेच माहीत नाही. गेम चालू करा, ऑल्ट-टॅब करून बाहेर या, टास्क मॅनेजर उघडा, डिटेल्समध्ये (विंडोज ७ असेल तर प्रोसेसेसमध्ये) गेमच्या नावावर राइट क्लिक, सेट अ‍ॅफिनिटी, अन् एकच कोअर टिक ठेवा. दरवेळी करावं लागतं पण मिनिटाचं काम आहे. यानं फरक पडला नाही तर हार्ड डिस्क पाहा. क्रिस्टल डिस्क इन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर डिस्कची तब्येत रंगात दाखवतं, निळ्याच्या जागी पिवळं आलं असेल तर डिस्कवर खराब सेक्टर आहेत, अन् त्या फाईटची फाइल नेमकी तिथं असली तर ती वाचताना गेम अटकणारच. अशा वेळी कॅबिनेटवर कान ठेवला तर टक-टक ऐकू येतं. गेम दुसऱ्या ड्राइव्हवर नव्यानं टाका, पण सगळ्यात आधी घरचे फोटो अन् सातबाऱ्याचे स्कॅन दुसरीकडं हलवा, गेम नंतर.

नवीन कार्डवर या गेममध्ये धुकं दिसत नाही, काही ठिकाणी उजेड विचित्र येतो, हा माहीत असलेला प्रॉब्लेम आहे, त्यासाठी मशीन उघडायची गरज नाही. डीजीव्हूडू २ नावाचं रॅपर आहे, जुनं डायरेक्टएक्स नवीन कार्डला समजेल अशा भाषेत देतं, त्यातली एक्स८६ वाली डी थ्री डी नाइन फाइल गेमच्या फोल्डरमध्ये टाकली की होतं. फार जुन्या कार्डवर मात्र याच्या नादी लागू नका. अन् विंडोज १० किंवा ११ वर जुन्या गेमची सीडी टाकल्यावर काहीच होत नसेल तर सीडीवर चरे पडलेत असं लगेच समजू नका. त्या काळच्या कित्येक सीडींवर सेफडिस्क नावाचं कुलूप असायचं अन् त्याचा ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० पासून काढूनच टाकला. अशा वेळी सरळ गॉग किंवा स्टीम या गेम विकणाऱ्या साइटवरून सेल असताना गेम घेणं मला योग्य वाटतं, दीड-एक जीबीची आहे, रात्रीच्या डेटात उतरते, सीडीचं झंझट कायमचं जातं.

पुण्याहून सुट्टीत आलेल्या भावाचा १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा स्क्रीन बदलणारा, लॅपटॉप असला तर तिथं उलटंच होतं. तिथं जुन्या गेम्स जास्त फ्रेमनं बिघडतात, टूम रेडर लिजंड अन् अ‍ॅनिव्हर्सरीमध्ये ६० च्या वर गेलं की वस्तूंचं फिजिक्स गडबडतं अन् माणूस कोडं चुकलं समजून तासभर तेच ढकलत बसतो. फ्रेमरेट ६० ला बांधा, झालं.

कोड्यावरून आठवलं, काही जण गेम हँग झाली म्हणून सांगतात अन् पाहिलं तर गेम बरोबर चालू असते, कोडंच सुटलेलं नसतं. सुरुवातीच्या भागात महालाची संरक्षण यंत्रणा चालू करायची ते कोडं घ्या. तिथं एक पहारेकरी भेटतो, तो काय करायचं ते बोलतो अन् आकृतीही दाखवली जाते, पण पोरं ते बोलणं बटण दाबून कापून टाकतात अन् मग दांडे कसेही फिरवत बसतात. काही होत नाही म्हणून रिस्टार्ट. प्रिन्सचे हात-पाय हलतात का ते पाहा, हलत असतील तर गेम जिवंत आहे. अशा जागी दुरून पूर्ण खोली दाखवणाऱ्या कॅमेऱ्याचं बटण दाबा, ते या गेममध्ये मुद्दाम दिलंय अन् फार कमी जण वापरतात, दांडा कुठं वळलाय अन् कुठं वळायला पाहिजे ते त्यात सरळ दिसतं. लायब्ररीतल्या आरशांच्या कोड्यातही हेच, उजेडाची रेघ कुठून निघाली ते आधी शोधा अन् तिथपासून एकेक आरसा लावत या, मधूनच सुरू करू नका.

अन् एवढं सगळं ठीक झाल्यावर ती लिफ्ट. ती खरंच अवघड आहे, गेम चांगली चालत असली तरी तिथं मरायला होतं, जागा छोटी, शत्रू एकामागून एक उतरत राहतात अन् सोबत लढणारी फराह मेली तरी गेम ओव्हर. ही फराह आपल्याच भारतातल्या महाराजाची मुलगी दाखवलीय, सुरुवातीला खंजीर अन् वाळूचं घड्याळ तिच्याच बापाच्या महालातून लुटलेलं असतं, म्हणून मला तिला वाचवताना वेगळंच वाटतं. आत जायच्या आधी जिथं पाणी दिसेल तिथं पोटभर प्या, पाण्यानंच जीव भरतो, अन् खंजिरात वाळू भरलेली पाहिजे. आत गेल्यावर खाली पडलेल्या शत्रूला लगेच खंजीर टोचून त्याची वाळू ओढा, नुसता पाडून पुढच्याकडं वळलात तर तो परत उठतो, बहुतेक जण इथंच हरतात. शत्रूच्या डोक्यावरून उडी मारून मागून वार हा डाव सगळ्यांवर चालत नाही, काही जण हवेतच खाली आपटतात, अशांवर भिंतीला पाय लावून उलटा वार करून पाहा. वेळ मागं न्यायची वाळू स्वतःच्या छोट्या जखमेवर खर्चू नका, फराह पडली तेव्हासाठी ठेवा. एकाच कोपऱ्यात अडकून राहू नका, दर दोन वारांनंतर एक नजर तिच्याकडं, ती बाण मारत असते पण तिला घेरलं की ओरडते, तो आवाज ऐकू यायला पाहिजे म्हणून तिथं गाणी लावून खेळू नका.

तरी अटकलंच तर विचारा, भाऊ असो ताई असो, पण नुसतं 'गेम हँग होते' लिहू नका. प्रोसेसर कोणता, कार्ड कोणतं, विंडोज कोणतं, उभं राहायच्या टेस्टमध्ये किती मिनिटांनी पडली, एचडब्ल्यू मॉनिटरमधला सगळ्यात वरचा आकडा, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१ आहे की १०००, अन् कॅबिनेट शेवटचं कधी उघडलं होतं, एवढं लिहा. उघड्या कॅबिनेटचा फोटो टाकत असाल तर आधी फॅन बाजूला करा अन् मग फोटो घ्या, फॅनसकट फोटोत काही दिसत नाही.